धुळ्याजवळच्या तबेल्यात ८ महिने: घोडेस्वारीतले धोके, आणि फॉर्मवर मी खोटं लिहिलेलं वजन

मागच्या दिवाळीनंतर मी आणि माझी ११ वर्षांची लेक, दोघींनी धुळ्याबाहेरच्या एका तबेल्यात घोडेस्वारीचा क्लास लावला. आठवड्यातून ३ दिवस, सकाळी ६ ते ७. आता आषाढ लागला, म्हणजे ८ महिने झाले. "मुलीला पाठवायचं म्हणतोय, पण धोका नाही ना?" असं इतक्या जणींनी विचारलं की एकदा सगळं नीट लिहून काढावं असं ठरवलं. तबेल्याचं नाव देत नाही. शिकवणारे काका मनाने चांगले आहेत, शिकवतातही मन लावून. ज्या उणिवा सांगणार आहे त्यांतल्या निम्म्या आता दुरुस्तही झाल्यात.

पहिल्याच दिवशी दोन पानी फॉर्म दिला. "स्वतःच्या जबाबदारीवर" हे शब्द त्यात ४ वेळा होते. आपण असल्या कागदावर जशी सही करतो तशी मी केली. खाली वय, वजन, आधीचा अनुभव, आजार, घरच्यांचा नंबर असे रकाने होते. वजनाच्या रकान्यात मी ६४ लिहिलं. खरं वजन ७२ होतं. बायकांच्या घोळक्यात उभी होते, लाज वाटली, दुसरं कारण नाही.

त्या ६४ वर भरवसा ठेवून काकांनी मला चांदणी दिली. काठेवाडी घोडी, स्वभावाने गरीब, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. साधारण हिशेब असा धरतात की घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार त्याच्या पाठीवर नको, आणि त्या भारात खोगीरही आलं. म्हणजे चांदणीसाठी ७० किलो. त्यातले ८ किलो खोगिराचे. मी रोज तिच्या पाठीवर १० किलो जादा घेऊन बसत होते, आणि नवशिकी असल्यामुळे दुडकी चालीत धपाधप आपटतही होते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खरारा करताना माझा हात खोगिराच्या जागी गेला आणि तिची कातडी थरथरली. पुन्हा हात लावला, तर तिने कान मागे पाडले आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मणक्याच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी सूज होती, हाताला गरम लागत होती. काकांनी फॉर्म काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि गोदामातला धान्याचा वजनकाटा आणायला सांगितलं. त्या सकाळी मी खरं सांगितलं. चांदणीला १५ दिवस खोगीर चढवलं नाही. काका मला एक शब्द बोलले नाहीत, पण मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं. प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, त्यात जनावरावर जादा ओझं लादणं आणि त्याला बेसुमार पळवणं हे दोन्ही गुन्हे आहेत. मी तो कायदा त्यानंतर वाचला. पाठ दुखणारा घोडा एक दिवस उधळतो किंवा स्वाराला पाडतो, आणि लोक म्हणतात घोडा खोडील आहे. म्हणून फॉर्मवर वजन, अनुभव आणि आजार खरे लिहा. चक्कर, फिट, मणक्याचा त्रास, गरोदरपण, काहीही लपवू नका. तबेलेवाला घोडा निवडतो तो तुम्ही लिहिलेल्यावरून.

आता पडण्याबद्दल. सगळ्यांना भीती पडण्याची असते. मी ८ महिन्यांत दोनदा पडले, दोन्ही वेळा वाळूच्या रिंगणात, खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मला खरा मार बसला तो पाय जमिनीवर असताना.

जानेवारीतली गोष्ट. कडाक्याची थंडी होती आणि घोड्यांना चंदी टाकली होती. माझी बादली दोन घोड्यांच्या मागे राहिली होती. फोन वाजत होता, एका हाताने तो काढत मी सरळ मागून गेले. लाथ आलेली दिसलीच नाही. मांडीवर कुणी कुदळीचा दांडा मारावा तसं झालं आणि मी खाली बसले. नालेच्या कडेचा अर्धा गोल काळानिळा होऊन ३ आठवडे मांडीवर होता. हाडाला लागलं नाही, कारण मी बरीच लांब होते आणि लाथ जेमतेम पोचली. घोडे सांभाळणारा भाऊ धावत आला, मला उठवलं, आणि म्हणाला, "ताई, त्याले तू दिसनी नही."

त्या एका वाक्यात सगळं आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. पण शेपटीच्या बरोबर मागे आणि कपाळाच्या अगदी समोर त्याला दिसत नाही. जंगलात हा शिकार होणारा प्राणी, त्यामुळे मागून काही हललं की आधी दुगाणी आणि मग विचार. त्यातून तोंड चंदीत असेल तर शेजारचा घोडा आपलं खाणं पळवील ही धास्ती वेगळीच. तेव्हापासून मी खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जाते. मागून जायचंच असेल तर त्याच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे कमरेमागच्या भागावर, हात ठेवून अगदी चिकटून जाते, म्हणजे लाथेला झोक मिळत नाही. नाहीतर चांगलं १०-१२ फुटांचं अंतर ठेवून वळसा घालते. लेकीला एवढं पाठ झालंय की ती घरात मांजराजवळही तशीच जाते.

डिसेंबरात दत्तजयंतीला दोंडाईच्यावरून सारंगखेड्याला गेलो होतो, एकमुखी दत्ताच्या यात्रेला. तिथला घोडेबाजार आपल्या खानदेशाचं वैभव आहे. तापीकाठी ओळीने उभे मारवाडी, काठेवाडी, पंजाबी घोडे पाहून डोळ्यांचं पारणं फिटतं. त्या दिवशी मी फक्त घोडे पाहिले. लाथ बसल्यावर यूट्यूबवर त्याच बाजाराचे व्हिडिओ पुन्हा लावले, तेव्हा घोडेवाल्यांचे हात दिसले. प्रत्येक घोड्याला अगाडी-पिछाडी बांधलेली, माणूस मागून जाताना तोंडाने काहीतरी पुटपुटतोच, हात जनावरावर असतोच. मारवाडी घोड्याचे कान आतल्या बाजूला वळलेले, टोकाला टोक भिडणारे. ते कान ज्या दिशेला वळतात तिकडे त्याचं लक्ष असतं. आडवे मागे पडले की दोन पावलं लांब व्हा.

तंग म्हणजे खोगीर घट्ट धरणारा, पोटाखालून जाणारा पट्टा. तो तपासण्याचं काकांचं वेड मला सुरुवातीला कटकट वाटायचं. चढण्याआधी एकदा, चढल्यावर ५-१० मिनिटांनी पुन्हा एकदा. खोगीर कसताना काही घोडे पोट फुगवून धरतात, चालायला लागले की सोडतात आणि तंग ढिला पडतो. एका रविवारी काका गावाला गेले होते, दुसऱ्याच मुलाने खोगीर चढवलं, मीही दुसऱ्यांदा तपासलं नाही. वळणावर खोगीर माझ्यासकट डाव्या कुशीला फिरलं. माझं दुसरं पडणं ते. आता कुणीही कसलेलं असो, मी स्वतः बोटं घालून बघते.

हेल्मेटचं थोडक्यात. मोटरसायकलचं चालत नाही, जड असतं, मानेवर ताण येतो आणि बाजूचं ऐकू येत नाही. सायकलचंही नाही, ते वेगळ्या पडण्यासाठी बनवलेलं असतं. घोडेस्वारीचंच घ्या, आत एएसटीएम एफ ११६३ किंवा ईएन १३८४ हा घोडेस्वारीच्या हेल्मेटचा सुरक्षा-मानक क्रमांक छापलेला बघून. हनुवटीचा पट्टा लावा. एकदा डोक्यावर आपटलं की ते हेल्मेट बाद, वरून तडा दिसत नसला तरी. तबेल्यातली ६ हेल्मेटं किती वेळा आपटली होती ते कुणालाच सांगता येईना, म्हणून आम्ही दोघींची आपली घेतली. पायात टाचेचा, गुळगुळीत तळाचा बूट. टाच नसेल तर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडल्यावर माणूस फरपटतो. चपलेवर चढू देणाऱ्या तबेल्यात पैसे भरू नका. तशीच दुसरी सवय म्हणजे घोडा हाताने नेताना दोरी मनगटाला गुंडाळायची नाही, घडी करून मुठीत धरायची. तो बुजला तर सोडता आली पाहिजे.

रिंगणाबाहेर, शेतरस्त्यावर, आपल्या भागाचे स्वतःचे धोके आहेत आणि ते कुठल्या पुस्तकात सापडणार नाहीत. पपई आणि कलिंगडाच्या शेतातला मल्चिंगचा, म्हणजे माती झाकायचा, प्लास्टिकचा कागद वाऱ्याने फडफडला की शांत घोडाही चार पाय उडतो. बांधावर गुंडाळून टाकलेल्या ठिबकच्या नळ्या टापांत अडकतात. पावसात काळी माती अशी निसरडी होते की चालतानाही घोडा घसरतो, म्हणून जूनपासून आम्ही फक्त वाळूच्या रिंगणात आहोत. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा काकांनी वेळ ५ वाजताची केली, एक दिवस उकाडा जास्त वाटला तर क्लासच रद्द केला. त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क.

माझी सगळ्यात मोठी तक्रार वरातीची. लग्नसराईत तबेल्यातल्या दोन घोड्या नवरदेवाला जातात. धंदा आहे, समजू शकते, हिवाळा-उन्हाळ्यातच त्यांची कमाई. पण रात्री १२ पर्यंत डीजेच्या भिंतीसमोर आणि फटाक्यांत उभी राहिलेली घोडी सकाळी ६ वाजता लहान मुलाला द्यायची? फेब्रुवारीत माझ्याच लेकीला अशी घोडी मिळाली होती. कुणीतरी पत्रा टाकला, त्या आवाजाने ती अशी उसळली की लेक मानेला मिठी मारून कशीबशी टिकली. घोडी रात्री कुठे होती ते आम्हाला नंतर कळलं. मी त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवला. काकांनी वाद घातला नाही. आता पागेच्या दाराशी फळा आहे, रात्री बाहेर गेलेल्या घोड्याच्या नावापुढे फुली असते आणि सकाळी त्याला खोगीर लागत नाही. तुम्ही जिथे जाल तिथे हा प्रश्न नक्की विचारा: काल रात्री ही वरातीला होती का?

आणखी दोन गोष्टी विचारायच्या. एक, घोड्यांची ग्लँडर्सची तपासणी झाली आहे का. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात, आणि बाजारातून नवीन घोडा आणला असेल तर कागद बघायलाच हवा. दोन, प्रथमोपचाराची पेटी आणि ॲम्ब्युलन्सचा १०८ नंबर भिंतीवर आहे का. आमच्याकडे पेटी होती, किल्ली काकांच्या खिशात असायची. आता ती खिळ्याला असते. तुमचं स्वतःचं धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेत झालेलं असू द्या, लिदीच्या जागी जखम झाली तर ते लागतं.

लहान मुलांबद्दल माझं मत: १० वर्षांच्या आतल्यांना रविवारच्या गर्दीत नेऊ नका. पाहुणे येतात, एका घोड्यावर दोन पोरं बसवून फोटो काढतात, मधल्या दिवसांतली शिस्त तिथे दिसत नाही. मी हे काकांना तीनदा सांगितलं, अजून बदल नाही.

फी महिन्याला दोघींची मिळून ६००० रुपये. पुढच्या ४ महिन्यांची भरली आहे. या वेळी फॉर्म नव्याने भरायचा होता. रकान्यात लिहिण्याआधी मी काट्यावर उभी राहिले, ७० भरलं, आणि तेच लिहिलं. मला आता उंच मारवाडी घोडा मिळतो, त्याच्या पाठीवर मी जड होत नाही. चांदणीवर लेक बसते. खरारा मात्र तिचा मीच करते, आणि खोगिराच्या जागी हात गेला की अजून थांबून बघते.