शातो गायार, पुठ्ठ्याचा

ग्वाल्हेरच्या बाडा चौकाजवळच्या दुकानातून नातीसाठी ६४० रुपयांना पुठ्ठ्याचा किल्ला आणला. फ्रान्समधला शातो गायार. नात दोन दिवसांत कंटाळली, मग जोडत बसलो मी.

बनवणाऱ्यानं अभ्यास केलाय, हे मानावं लागेल. इंग्लंडच्या रिचर्ड राजानं सीन नदीवरच्या कड्यावर ११९६ ते ११९८ या काळात हा किल्ला बांधला. आतला तट सरळ नाही. अर्धगोल फुगवटे एकाला एक चिकटलेले, पन्हळी पत्र्यासारखे. त्यामुळे यंत्रानं फेकलेला धोंडा सरळ आदळत नाही, घसरतो. पुठ्ठ्याचा एकेक फुगवटा पेन्सिलीवर गुंडाळून वळवायचा. माझा अख्खा रविवार त्यातच गेला! एवढं करून १२०४ मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपनं वेढा घालून किल्ला घेतलाच. त्याचे शिपाई संडासाच्या मोरीतून आत शिरले अशी गोष्ट सांगतात. नातीला तेवढीच आवडली.

रंग मात्र अगदीच करडा. आमच्या किल्ल्यातल्या मानमंदिर महालाच्या निळ्या फरश्या आणि त्यावरची बदकं लहानपणापासून बघितलेल्या ग्वाल्हेरकराला हे जरा सुतकीच वाटणार.

सोबतचा डिंक पाणचट, शेवटी फेविकॉल लावलं. आणि बालेकिल्ल्याच्या बुरुजाला पुढे चोचीसारखी धार आहे, नेमका तोच तुकडा डब्यात नव्हता. दुकानदाराला सांगितलं तर म्हणतो, "काका, असली वाला भी तो टूटा पड़ा है."

चोच लग्नपत्रिकेतून कापली. पाचात तीन तारे.