कंपनीचा वकील की आपला स्वतःचा?
एच-वन-बी वर्क व्हिसावर अमेरिकेत असाल तर कंपनीचा वकील आयताच मिळतो, आणि पर्मचा (ग्रीन कार्डच्या वाटेवरचं लेबर सर्टिफिकेशन) वकिलाचा खर्च तर कायद्यानेच कंपनीने भरायचा असतो, मग तिथे दुसरा कशाला शोधायचा. कागदपत्रांत त्यांचा हात बसलेला असतो. पण जॉब गेला की खरी गंमत, अमेरिकेत राहायला जास्तीत जास्त 60 दिवसांचा ग्रेस पिरियड आणि तो वकील आधी कंपनीचं बघणार! स्वतःचा वकील पैसे घेतो, पण आय-140 (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) अप्रूव्ह होऊन 180 दिवस झाले का, बायकोच्या एच-फोर डिपेंडंट व्हिसाचं काय, हे तोच खोदून विचारतो. आणि तो आपल्या न्यू जर्सीतल्या एडिसनमधलाच हवा असं नाही हां, इमिग्रेशनचा कायदा फेडरल, लायसन्स कुठल्याही स्टेटचं चालतं. फीच्या आधी लेऑफच्या केसेस केल्यात का ते विचारा.