पहिल्या दिवशी स्टार्टर न मारणारं गॅरेज

ठाण्याच्या वागळे इस्टेटच्या आतल्या गल्लीत, लेथवाल्याच्या शेडला लागून असलेल्या या गॅरेजला पाटी नाही. ‘फियाटवाले मिस्त्री’ म्हणून विचारलं की आसपासचं कोणीही बोट दाखवतं. एका वेळी तीन गाड्या मावतात, चौथी घेत नाहीत. ज्या कामाबद्दल हे लिहिलंय ती गाडी म्हणजे १९८९ची प्रीमियर पद्मिनी, लोकांच्या तोंडची फियाट. पेट्रोल, १०८९ सीसी, गिअर स्टीअरिंगच्या दांडीवर. नौपाड्यातल्या एका जुन्या सोसायटीत ती कव्हरखाली सलग ११ पावसाळे उभी होती.

निकाल आधीच सांगतो. ब्रेक, पेट्रोलची लाइन आणि फ्लोअरचं पत्राकाम यांत या गॅरेजला पैकीच्या पैकी. वायरिंगमध्ये काठावर पास. वेळेच्या बाबतीत नापास: तीन आठवडे सांगितले, सात लागले.

बंद गाडीचं गॅरेज ओळखायची माझी एकच कसोटी आहे. गाडी आत आल्याबरोबर कोणी बाहेरून बॅटरी जोडून स्टार्टर मारायला धावलं, तर गाडी परत ट्रकवर चढवावी. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजून चिकटलेल्या असतात. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असतो. जोरात फिरवलं की व्हॉल्व्ह उचलणारा पुशरॉड वाकतो किंवा रिंग तुटते, आणि जे काम चार प्लग काढून झालं असतं ते हेड उघडण्यावर जातं. इथे पहिल्या दिवशी स्टार्टरची वायरच सोडवून ठेवतात, म्हणजे कुणाचा हात चुकूनही जायला नको.

गाडी आणतानाही सपाट ट्रकवर चढवूनच आणतात, दोरीने ओढू देत नाहीत. मागच्या ब्रेक ड्रममध्ये लायनर चिकटलेला असतो. ओढताना एक चाक फिरतं, दुसरं घासत येतं, आणि ब्रेक तर नसतोच. कळव्याच्या पुलावर अशी गाडी पुढच्या गाडीवर जायला दोन सेकंद पुरतात.

इंजिनाचं काम संथ आहे आणि तसंच हवं. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण १० मिली पातळ तेल सोडतात आणि दोन दिवस हात लावत नाहीत. मग पुलीच्या नटाला पाना लावून हाताने, आधी थोडं पुढे, थोडं मागे. अडलं तर जोर करायचा नाही, पुन्हा तेल आणि पुन्हा एक दिवस. टॅपेट कव्हर उघडून आठही व्हॉल्व्ह खाली-वर होताना डोळ्यांनी बघतात. या गाडीत तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वर यायला कुरकुरत होता. डिझेल आणि तेलाचे थेंब सोडून, हलक्या हाताने ठोकून तो मोकळा केला.

चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा बूच सोडला तेव्हा तेलाआधी जवळजवळ अर्धा कप पाणी आलं. ते पारदर्शक बाटलीत धरून मालकाला दाखवलं: खाली गढूळ पाणी, वर काळं तेल, मधली रेघ स्पष्ट. ठाण्याच्या पावसाळी हवेत दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गार होणाऱ्या इंजिनात पाणी असंच साठतं. नवं तेल २०डब्ल्यू-५०. प्लग बाहेरच ठेवून, १० सेकंदांपेक्षा जास्त नाही अशा टप्प्यांनी स्टार्टर फिरवला, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतरच कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजलं. आकडा थोडा कमी आला तरी घाबरायचं कारण नसतं, चारांमधला फरक १०-१५ टक्क्यांच्या आत हवा. अशा गाडीत पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये रिंगा मोकळ्या होऊन आकडा सुधारतोही.

डेल्कोचे, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट बाहेरून ठीक दिसतात, पण त्यांवर पापुद्रा धरलेला असतो आणि करंट जात नाही. बारीक कागदाने साफ करून गॅप ०.४५ मिमीच्या आसपास, प्लगचा ०.६. वायरी १-३-४-२ या क्रमाने. जुनी गाडी पकडत नाही म्हणून लोक कार्ब्युरेटरला दोष देतात. निम्म्या वेळा दोष या पॉइंटचा असतो.

आता ब्रेक. गॅरेजची खरी कमाई इथे आहे आणि मालकाने पैसे राखून ठेवायचे ते याच कामासाठी. पुढच्या डाव्या चाकाचा सिलिंडर उघडला तर आत ब्रेक ऑइलची काकवी झालेली. पिस्टन हलेना. बरेच लोक अशा वेळी कॉम्प्रेसरची हवा मारतात आणि पिस्टन गोळीसारखा उडतो. इथे ग्रीसगन जोडून हळूहळू दाबत पिस्टन बाहेर आणला, शांतपणे, कपड्यात. मग बोअर पुसून त्यात नख फिरवलं. नख अडकलं. नख अडकतं तिथे नवं रबर दोन महिनेही टिकत नाही, कारण गंजाचा खड्डा रबराची कड खातो. अशा सिलिंडरला होन मारून, म्हणजे आतून घासून भागत नाही. आत स्लीव, म्हणजे नवी धातूची नळी घालायची किंवा सिलिंडर बदलायचा. इथे शेजारच्या लेथवर स्लीव घालून मूळ मापावर बोअर केला. उशिराचं मोठं कारण हेच: लेथवाला त्याच्या सवडीने काम देतो.

रबर किट बसवताना भाग पेट्रोलने धुतले नाहीत, याची नोंद घ्यावी. पेट्रोल आणि ग्रीस दोन्हींनी ब्रेकचं रबर फुगतं. धुवायला स्पिरिट, बसवताना ब्रेक ऑइलच. ड्रममधली धूळ हवेने उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ते छातीत जाऊ देऊ नये. लवचीक ब्रेक होस तिन्ही नवे घेतले. जुना होस बाहेरून धडधाकट दिसला तरी आतून सुजतो; पाय दाबला की ऑइल पुढे जातं, सोडला की परत येत नाही, आणि एक चाक धरून राहतं. हे कारण न कळल्यामुळे लोक ड्रम आणि लायनर बदलत बसतात. लोखंडी पाइप जिथे क्लिपखाली दबलेले होते तिथेच आतून कुजले होते, म्हणून मास्टर सिलिंडरपासून (पॅडलमागचा मुख्य सिलिंडर) मागच्या ॲक्सलपर्यंत सगळी लाइन नवी केली.

ब्रेकच्या लाइनमधली एअर काढायचा क्रम मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. ऑइल डॉट ३, सीलबंद लहान बाटल्यांतून. अर्धी वापरलेली बाटली हवेतलं पाणी ओढते, ती फेकून देतात. शेवटी पॅडल दाबलेल्या स्थितीत लाकडी दांड्याने रात्रभर अडकवून ठेवलं. सकाळी एकाही चाकापाशी ओल नव्हती. ज्या पद्मिनीत एकच ब्रेक सर्किट आहे तिथे एक गळती म्हणजे चारही चाकं गेली, त्यामुळे या रात्रीला पर्याय नाही.

पेट्रोलची टाकी उतरवली, आतलं पेट्रोल वार्निशच्या वासाचं आणि चहाच्या रंगाचं झालेलं. टाकी धुऊन, गंज काढून, पूर्ण वाळवून परत लावली. पंप उघडून डायफ्रॅम बदलला, आणि हे कोणी सांगायची वाट न बघता केलं म्हणून जास्त कौतुक. हा पंप इंजिनावरच असतो. फाटलेल्या डायफ्रॅममधून पेट्रोल चेंबरमध्ये उतरतं, तेल पातळ होतं आणि बेअरिंगं जातात. गाडी नेल्यावर पहिले काही दिवस डिपस्टिकचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला किंवा तेलाची पातळी वाढलेली दिसली तर गाडी तिथेच थांबवावी.

सोलेक्स कार्ब्युरेटर पूर्ण खोलून जेट हवेने साफ केले, तारेने नाही. तार घातली की भोक मोठं होतं. सगळे पेट्रोल होस इथेनॉल सोसणारे घातले, कारण आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या काळचं रबर त्याने मऊ पडून चुरा होतं, आणि टाकीत चिकटून राहिलेली जुनी घाणही ते सोडवून आणतं. म्हणून मध्ये पारदर्शक फिल्टर लावला आणि दोन जास्तीचे डिकीत ठेवून दिले. पहिला फिल्टर तीन दिवसांत तपकिरी झाला, म्हणजे ते दोन उगाच दिलेले नव्हते. इथेनॉलवर गाडी थोडी कोरडी चालते, म्हणजे मिश्रणात हवा जास्त पडते. प्लग पांढरेफटक दिसले तर मेन जेट एक नंबर मोठा लागतो. गाडी पुन्हा महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवाच पाणी आणते.

गाडी घोडीवर चढवून खालून फ्लोअर तपासताना मिस्त्री स्क्रूड्रायव्हरने टोचत जातात. ड्रायव्हरच्या पायाखाली, दाराखालच्या पट्टीत आणि मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगांच्या) शॅकलपाशी तो आत गेला. पाट्याचा टेकू जिथे कुजतो तिथे गाडी चालवणं जिवाशी खेळ आहे, मग बाहेरचा रंग कितीही चकाकू दे. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून १८ गेजचा पत्रा वेल्डिंगने जोडला, बॅटरी सोडवून आणि टाकी बाहेर असतानाच. वर रेड ऑक्साइड, सांध्यांना सीलर, खालून अंडरकोट. फायबर आणि पुट्टीने भोक बुजवण्याचा पर्याय इथे दिलाच नाही. लोहचुंबक फिरवून बघितलं, सगळीकडे धरतं.

टायर खोल नक्षीचे दिसत होते, तरी पाचही काढले. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचा. दहा वर्षं उलटलेला टायर नक्षी बघून ठेवू नये.

वायरिंगबद्दल मात्र तक्रार आहे. उंदरांनी डॅशबोर्डखालचा जुडगा कुरतडला होता. इथे तुटलेल्या वायरी पिळून काळी टेप गुंडाळली. असा जोड दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो आणि गरम होतो. सांगितल्यावर धातूच्या जोडात दाबून (क्रिम्प) करून वर उष्णतेने आवळणारी नळी घातली, पण हे सांगावं लागायला नको होतं. हेडलाइटचा सगळा करंट जुन्या स्विचमधून जातो. दोन रिले (दिव्याला थेट बॅटरीतून करंट देणारे स्विच) आणि वेगळा फ्यूज लावून घ्या. बॅटरीची अर्थ पट्टीही बघा, तिच्याखाली रंग आणि गंज खरवडून उघडं लोखंड लागलं पाहिजे. गिअर ऑइलही विचारून भरून घ्यावं. गिअरबॉक्सला जीएल-४ प्रतीचं ९० नंबर हवं, जीएल-५ मधली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना चांगली नाहीत. इथे गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलमध्ये एकाच डब्यातलं भरायच्या बेतात होते.

सुट्या भागांसाठी हे लोक कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जातात. टॅक्सी होत्या तोवर पद्मिनीचा कुठलाही भाग दुपारपर्यंत मिळत असे. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये २० वर्षांची मुदत संपून गेली आणि दुकानदारांनी माल भरणं कमी केलं. आता नवा म्हणून मिळणारा भाग मापून घ्यावा लागतो. हे गॅरेज तो मापून घेतं, काढलेले सगळे भाग पिशवीत घालून मालकाला परत देतं, आणि गाडी उघडल्याशिवाय रकमेचा आकडा सांगत नाही. हे तिन्ही मला बरोबर वाटतं.

चाचणी दोन टप्प्यांत झाली. आधी वागळे इस्टेटच्या आतच ५ किलोमीटर. परत येऊन चारही ड्रमवर हात: एक ड्रम बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर ब्रेक धरतोय. नट पुन्हा आवळले, पाण्याची पातळी बघितली. मग उपवनहून येऊरचा चढ, आणि उतरताना दुसऱ्या गिअरवर. चढावर गाडी तापत नसेल आणि उतारावर पॅडल खाली जात नसेल तर घोडबंदरला गायमुखच्या घाटातही अडचण येत नाही. ५०० किलोमीटरला तेल पुन्हा बदलायचं आणि टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) पुन्हा लावायचे, हे बिलावरच लिहून दिलंय.

कागदपत्रांचं काम गॅरेज करत नाही, फक्त पीयूसीपुरतं कार्ब्युरेटर सेट करून देतं. इतक्या जुन्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. पॉइंट आणि मिश्रण नीट असेल तर पद्मिनी त्यात बसते. आरसीची मुदत संपलेली असेल तर फॉर्म २५ भरून आरटीओत गाडी दाखवावी लागते. २० वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालं, उशिराचा दंड महिन्याला ५००. वर पर्यावरण कर आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट, जिचा दर कारसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी. म्हणून गॅरेजचा खर्च ठरवण्याआधी आरसीवरची तारीख बघा. विमा काढेपर्यंत गाडी ट्रकवरच न्या-आणा.

जाण्याआधी फोन करून जागा आहे का ते विचारावं. गाडी सोडताना दारांच्या, डिकीच्या आणि स्टीअरिंगच्या वेगवेगळ्या चाव्या सोबत द्या. पावसाळ्यात पत्राकाम घेत नाहीत, त्यामुळे फ्लोअर कुजलेला असेल तर दिवाळीनंतरचा नंबर लावा.