ऑनलाइन एथिक्स ट्रेनिंग: सात-आठ महिने वापरल्यानंतर

आधीच सांगून टाकते: कोर्स बरा आहे, प्लॅटफॉर्म कटकटीचा आहे, आणि ज्या एका सोयीसाठी तो मला हवासा वाटतो तिचा सुरुवातीच्या व्हिडिओत साधा उल्लेखही नव्हता. मी खरेदी विभागात आहे. व्हेंडर, कोटेशन, अप्रूव्हल यातच दिवस जातो, त्यामुळे लाच, भेटवस्तू, हितसंबंध हे विषय माझ्या रोजच्या टेबलावरचे. कोडिंग करणाऱ्याला हाच कोर्स कदाचित निम्मा निरुपयोगी वाटेल.

मुख्य मॉड्यूल पाऊण तासाचं. स्लाइडवरच्या चार ओळी दहा सेकंदांत वाचून होतात. निवेदिका मात्र त्याच ओळी संथपणे वाचून दाखवते आणि तिचं संपेपर्यंत 'नेक्स्ट' राखाडीच राहतं. साहजिकच सगळ्यांनी आवाज बंद करून दुसऱ्या टॅबमध्ये काम सुरू केलं. मग अपडेट आला: टॅब बदलला की निवेदन थांबतं. आता लोक लॅपटॉपवर कोर्स लावून फोनवर मेल बघतात. शिवाय मधेच मीटिंगला उठून गेलं तर कधीकधी परत पहिली स्लाइड! आयटीतल्या सहकाऱ्याने कारण सांगितलं. आमचा कोर्स स्कॉर्म १.२ या ऑनलाइन कोर्ससाठीच्या २००१ सालच्या तांत्रिक मानकावर बांधलाय आणि त्यात 'कुठवर आलो' ही खूण साठवायला जेमतेम ४,०९६ अक्षरांची जागा असते. कोर्स लांबला की खूण अर्धवट राहते. तेव्हा शक्यतो एका बैठकीत संपवा, आणि खिडकी तशीच बंद न करता आतलं 'एक्झिट' दाबा.

क्विझबद्दल काय बोलायचं? सगळ्यात लांबलचक पर्याय निवडला की पास.

एवढा पहारा कशासाठी, ते थोडं शोधल्यावर कळलं. १९९१ मध्ये अमेरिकेत कंपन्यांच्या शिक्षेचे मार्गदर्शक नियम लागू झाले. कायदेपालनाची नीट यंत्रणा दाखवणाऱ्या कंपनीला त्यात दंडात सवलत मिळते. ब्रिटनच्या २०१० च्या लाचविरोधी कायद्यातही पुरेशी खबरदारी घेतली होती हे सिद्ध केलं तर कंपनीला बचाव आहे. २०१२ चं मॉर्गन स्टॅन्लीचं प्रकरण तर मुळातून वाचण्यासारखं. त्यांच्या चीनमधल्या एका बड्या अधिकाऱ्याने गुन्हा कबूल केला, पण बँकेवर खटला भरला गेला नाही. अमेरिकी न्याय खात्याने दिलेल्या कारणांत हेही होतं की बँकेने त्याला परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धच्या अमेरिकी कायद्याचं ट्रेनिंग सात वेळा दिलं होतं आणि किमान ३५ वेळा आठवण करून दिली होती. माणूस अडकला, कंपनी सुटली. इनबॉक्समधले ते लाल 'ओव्हरड्यू' मेल कोणाच्या सोयीचे असतात, ते इथे कळतं. सात वेळा बसून तो गृहस्थ नेमकं काय शिकला, हे मात्र कुठल्याही रिपोर्टमध्ये दिसत नाही.

आता चांगलं. दोन-तीन महिन्यांनी आठवड्याला एक छोटा प्रसंग यायला लागला, वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत. हे मात्र जमलंय. एक प्रसंग असा: टेंडर चालू आहे, आणि बोली लावलेला व्हेंडर सहज म्हणतो, 'तुमची मुलगी इंटर्नशिप शोधतेय ना? आमच्याकडे पाठवा.' पर्याय चारही पटणारे. आमच्यातल्या बहुतेकांनी 'नम्रपणे नकार द्यावा' निवडलं. कोर्सचं म्हणणं, नकार दिला ते ठीक, पण टेंडर संपेपर्यंत ते बोलणं लेखी नोंदवलेलं हवं. उद्या दुसरा कोणी व्हेंडर टेंडर हरला आणि ही ऑफर बाहेर आली, तर तुम्ही नाही म्हणाला होतात हे कोण सांगणार? खाली २०१६ च्या जेपी मॉर्गनचा दाखला होता: चिनी अधिकाऱ्यांच्या मुलांना आणि ओळखीच्यांना नोकऱ्या दिल्याबद्दल सुमारे २६.४ कोटी डॉलर भरावे लागले. पाकीट नाही, रोकड नाही, तरी लाच. त्या दिवशी चहाच्या वेळी अर्धा तास यावरच वाद चालला, आणि तो पाऊण तासाच्या मॉड्यूलवर कधीच झाला नव्हता.

आणि ती सोय. प्रत्येक प्रसंगाच्या खाली कोपऱ्यात 'प्रश्न विचारा' असं छोटं बटण आहे. प्रश्न थेट कॉम्प्लायन्स, म्हणजे नियमपालन बघणाऱ्या विभागाकडे जातो, उत्तर लेखी येतं. मी विचारलं होतं: व्हेंडरचा प्लँट बघायला जायचंय, तिकीट आणि हॉटेल तोच देतो म्हणतोय, चालेल का? दोन दिवसांत उत्तर: प्रवास आणि मुक्काम आपल्या खर्चाने, साधं जेवण चालेल पण गिफ्ट रजिस्टरमध्ये (भेटी-पाहुणचाराच्या नोंदवहीत) टाका, आणि एकटीने जाऊ नका. 'अगं, सगळे असंच करतात' म्हणणाऱ्या मॅनेजरला मी तो मेल फॉरवर्ड केला. विषय तिथेच मिटला, वाकडेपणा न येता. अमेरिकी न्याय खात्याच्या २०२० च्या सुधारित निकषांतही ट्रेनिंगमधून पडलेले प्रश्न विचारायची सोय आहे का, हे तपासायला सांगितलंय. मग आमच्याकडे ते बटण इतकं लपवून का ठेवलंय, देव जाणे.

सगळ्यात पोकळ भाग तक्रारीच्या हेल्पलाइनचा. 'निर्भयपणे बोला' हे पुन्हा पुन्हा येतं, पण तक्रार कोण वाचतं, नाव कोणाला दिसतं, उत्तर कधी मिळतं, यावर अवाक्षर नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशात तरी साफ आहे: सात दिवसांत पोच, आणि साधारण तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं. असे दोन आकडे स्लाइडवर आले असते तर धीर आला असता. फसवणूक तपासनिसांच्या 'एसीएफई' या संघटनेच्या २०२४ च्या अहवालात ४३ टक्के प्रकरणं कोणीतरी कळवल्यामुळे उघडकीला आली, आणि कळवणाऱ्यांत निम्म्याहून जास्त कर्मचारीच. त्याच माणसांसाठीच्या भागावर सर्वांत कमी मेहनत!

वरिष्ठांनाही हाच कोर्स आहे म्हणे. काहींचा तो त्यांच्या ऑफिसातलं दुसरंच कोणी पूर्ण करतं, हे सगळ्या मजल्याला ठाऊक आहे.

तुमची कंपनी असं काही घेणार असेल तर डेमोमध्ये ग्राफिक्स बघत बसू नका. एक खरा प्रश्न विचारून उत्तर किती दिवसांत येतं ते बघा, आणि आपल्या विभागापुरते प्रसंग बदलून मिळतात का ते विचारा. आम्हाला मिळाले, पण मागे लागावं लागलं. पाचपैकी साडेतीन तारे. निवेदनाचा वेग वाढवू दिला तर चार.