गाळा रिकामा होतो, कचरा मागे राहतो: स्टोरेजसाठी कोणती व्यवस्था निवडाल?

सेल्फ स्टोरेजच्या, म्हणजे लोकांना सामान ठेवायला गाळे भाड्याने देण्याच्या धंद्यात बहुतेक कचरा आपण स्वतः करतच नाही. तो ग्राहकाच्या सामानाबरोबर येतो, महिनोन्‌महिने गाळ्यात पडून राहतो आणि गाळा सोडायच्या दिवशी एकदम बाहेर निघतो. आमच्याकडे हा दिवस बहुतेक वेळा महिनाअखेरचा असतो. टेम्पो गच्च भरलेला, माणसं दमलेली, आणि गाळ्याच्या दारात उरलेली एक गादी, बुडाशी ओलसर झालेली चार खोकी, अर्धा भरलेला रंगाचा डबा आणि वायरींचा गुंता. त्या घटकेला ग्राहकाला समोर काय दिसतं, यावर त्या वस्तूंचं पुढे काय होणार ते ठरतं. म्हणून नवं स्टोरेज उभारणाऱ्याने किंवा जुन्याची घडी नीट बसवणाऱ्याने हा निर्णय आधीच घ्यायला हवा. पर्याय मुख्यतः तीन आहेत.

पहिला पर्याय म्हणजे कचऱ्याची सोयच ठेवायची नाही. 'आणलंत ते घेऊन जा' असं करारात लिहायचं आणि आवारात एकही डबा ठेवायचा नाही. कागदावर हा सगळ्यात स्वस्त पडतो. पण नको असलेली वस्तू अशाने नाहीशी होत नाही. ती लिफ्टच्या कोपऱ्यात, जिन्याखाली किंवा फाटकाबाहेर सापडते आणि शेवटी ती उचलायला आपलाच माणूस जातो. तरीही तुमच्याकडे दिवसभर कुणी हजर नसेल, ग्राहक नंबर दाबून स्वतःच ये-जा करत असतील, तर हाच मार्ग बरा. फक्त कुठली वस्तू कुठे नेऊन द्यायची, त्याची यादी दाराशी ठळक लावा. नुसती मनाई करून माणूस अडकतो, पत्ता दिला की बरेचजण खरंच तिथे नेऊन देतात.

दुसरा पर्याय, एकच मोठा उघडा कंटेनर. ग्राहकाला सगळ्यात सोयीचा आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. एक भिजलेली गादी वर पडली की खालचा सगळा पुठ्ठा गेला. ओला, तेलकट पुठ्ठा कागद गिरणीच्या कामाचा राहत नाही. न मोडता टाकलेली खोकी कंटेनर हवेने भरतात आणि आपण ती हवा वाहून न्यायचे पैसे मोजत राहतो. उघडा कंटेनर दिसला की ज्यांचा आपल्याशी काही संबंध नाही तेही रात्री येऊन कचरा टाकून जातात.

पण मला खरी भीती वाटते ती लिथियम बॅटऱ्यांची. जुना लॅपटॉप, ड्रिल मशीन, मुलांची रिमोटवरची गाडी अशा गोष्टी गाळ्यांतून हमखास निघतात. कचरा दाबणाऱ्या यंत्रात अशी बॅटरी चेपली की आतल्या आत शॉर्ट होते, स्वतःच तापत जाते आणि पेट घेते. शेजारी बंद शटरांच्या मागे शेकडो घरांचं सामान असतं. एवढं एक कारण मला हा पर्याय बाद करायला पुरेसं आहे.

तिसरा पर्याय म्हणजे ठरावीक वेळी उघडणारा, माणूस हजर असलेला वर्गीकरणाचा कोपरा. जिथे थोडा वेळ का होईना माणूस बसतो, तिथे मी हाच निवडेन. मात्र पहिल्याच दिवशी पाच रंगांचे डबे मांडू नका, दोन आठवड्यांत पाचही डब्यांत सारखाच कचरा दिसेल. सुरुवात पुठ्ठ्यापासून करा आणि शेजारी एक मांडणी ठेवा, ज्यातून पुढचा ग्राहक चांगली खोकी, बबल रॅप, जुनी ब्लँकेटं फुकट उचलू शकेल. आमच्याकडे सर्वात जास्त फरक त्या मांडणीने पडला. खोकं बुडाच्या चिकटपट्टीवर सुरी फिरवून सपाट करायला काही सेकंद लागतात. सुरी तिथेच दोरीला बांधून ठेवली तर लोक स्वतःहून करतात.

हे जमलं की पुढचे प्रकार घ्या. गुंडाळायची पारदर्शक फिल्म आणि बबल रॅप बहुतेक वेळा एकाच जातीचे असतात, 4 क्रमांकाचं (त्रिकोणी खुणेत 4 आकडा असलेलं) प्लॅस्टिक. ते वेगळ्या पिशवीत हवं, कारण वर्गीकरण केंद्रात ही फिल्म फिरत्या दांड्यांना गुंडाळली जाते आणि यंत्र थांबवून ती कापून काढावी लागते. थर्माकोलमध्ये सुमारे 98 टक्के हवाच असते, त्यामुळे ते लांबवर वाहून नेणं कुणालाच परवडत नाही. पुन्हा वापरायला देणं उत्तम. बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या गाळ्यांपासून दूर, कोरड्या जागी ठेवाव्यात. एलईडी नसलेल्या जुन्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ती फुटू न देता उभी ठेवावी.

फ्रिजबद्दल थोडं जास्त सांगतो. आमच्या आवारात एकदा एकाने मागे राहिलेल्या फ्रिजची तांब्याची नळी पकडीने तोडली. फुस्स असा आवाज दोन क्षण आला आणि थांबला. त्याला तांबं मिळालं, गॅस हवेत गेला. बऱ्याच फ्रिजमध्ये असणारा आर-134ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट तापमानवाढ करतो. नव्या फ्रिजमधला आयसोब्युटेन त्या बाबतीत सौम्य, पण ज्वालाग्राही. म्हणून फ्रिज अख्खाच्या अख्खा, गॅस काढून घेण्याची सोय असणाऱ्याकडेच द्यावा.

आता खोकी की क्रेट? बहुतेक स्टोरेजवाले खोकी विकतात, त्यामुळे हा प्रश्न थेट उत्पन्नाशी जोडलेला आहे. पुठ्ठा हलका, घडी होणारा, आणि त्यातला धागा साधारण पाच ते सात वेळा नव्या कागदात जातो. दर फेरीत तो आखूड होत जातो. पण दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. तळाचं खोकं आधी खचतं, मग वरची रांग कलते, आणि सोबतीला कसर, वाळवी, बुरशी आहेतच. प्लॅस्टिकचा क्रेट शेकडो फेऱ्या टिकतो, पण तो परत आला तरच. दोन वर्षं एकाच गाळ्यात अडकलेला क्रेट म्हणजे जास्त प्लॅस्टिक वापरून केलेलं खोकंच. शिवाय झाकणबंद क्रेटमध्ये आधीच शिरलेला ओलावा कोंडला जातो. सामान पूर्ण कोरडं हवं आणि आत सिलिका जेलची पुडी हवी.

माझा कौल असा: सामान आणण्या-नेण्याच्या काही दिवसांसाठी अनामत घेऊन क्रेट द्या, मुक्काम लांबला तर ग्राहकाचे स्वतःचे झाकणाचे डबे चांगले, आणि मधल्या सगळ्यांसाठी पुठ्ठा, परतखरेदीसह. चांगल्या स्थितीत परत आणलेल्या खोक्याचे थोडे पैसे द्यायचे आणि तेच खोकं पुढच्याला कमी दरात विकायचं. नव्या खोक्यांची विक्री घटते हे खरं आहे, पण कंटेनरच्या फेऱ्याही घटतात.

भाडं थकवून सोडून दिलेल्या गाळ्यांचा प्रश्न वेगळा आणि अवघड. नोटीस, मुदत, विक्रीचा हक्क हे सगळं करार आणि कायद्याप्रमाणेच व्हायला हवं. त्यानंतर लिलाव सोपा वाटतो, पण घेणारा टीव्ही आणि सायकल नेतो, बाकीचं तसंच सोडतो. म्हणून 'गाळा झाडून रिकामा' या अटीवर अनामत ठेवा. दान देणार असाल तर आधी फोन करून विचारा. पाय मोडलेली खुर्ची संस्थेच्या दारात उतरवणं म्हणजे आपला कचरा त्यांच्या माथी मारणं. कडा फुगलेलं भुशाच्या फळीचं कपाट कुणी घेत नाही; त्यात राळ असते, ते जाळूही नये. आणि काहीही बाहेर देण्याआधी फोटोंचे अल्बम, कागदपत्रं, हार्ड डिस्क बाजूला काढा. माणसाचं भाडं थकलं म्हणून त्याच्या आईचे फोटो भंगारात जाऊ नयेत. ते पाकिटात भरून त्याच्यापर्यंत पोचवायचा प्रयत्न आम्ही दरवेळी करतो.

कुठलाही पर्याय घ्या, पहिले तीन महिने एक वही ठेवा: काय मागे राहिलं, कोणत्या दिवशी, किती. आमच्या वहीत पहिल्याच महिन्यात सर्वात जास्त वेळा आलेला शब्द 'गादी' होता. तेव्हापासून करार करतानाच आम्ही विचारतो, गादी आहे का, आणि असेल तर ती परत कोण नेणार, हे तिथल्या तिथे लिहून घेतो.