गोठा की वाघर? रोगराईच्या बाजूने पाहता

माण-फलटण भागात नव्याने मेंढ्या घेणारे हल्ली हेच विचारतात: बारमाही गोठ्यात ठेवू, की दिवसा चारून रात्री वाघरीत, म्हणजे रानात लावायच्या जाळीच्या कुंपणात, बसवू? मी दोन्ही केलंय. बोलतो फक्त रोगराईपुरतं.

गोठ्याची जमेची बाजू मोठी आहे. पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग आजारी जनावराच्या नाकातोंडाच्या स्रावातून, जवळच्या संपर्काने पसरतो. चराईवर चार कळप एका पाणवठ्यावर आले की तो टाळणं आपल्या हातात राहत नाही. बाजारातून आणलेला मेंढा तीन आठवडे वेगळा ठेवायचा तर गोठाच बरा. वाघरीत ‘वेगळा’ म्हणजे दोन हात लांब.

माझं अडलं ते जमिनीवर. श्रावणात झड लागली की मुताने भिजलेली माती सुकतच नाही. चुना टाका, भुस्सा बदला, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. नुसतं वाकलं तरी डोळ्यांना झोंबतं, आणि कोकराचं नाक कायम त्याच उंचीवर. कोकरांचा खोकला आणि रक्ताची हगवण आमच्याकडे याच दिवसांत यायची. औषधाने हगवण थांबायची, पण ती हगवण लावणाऱ्या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीला, कॉक्सिडियाला, हवी ती ओल आणि ऊब तिथेच असायची, मग फिरून तेच दुखणं. या एका कटकटीने मला गोठ्यातून बाहेर काढलं.

वाघर उचलून पुढे नेता येते. लेंडीतून पडलेल्या जंतांच्या अंड्यांपासून बाधक अळी तयार व्हायला दमट हवेतही साधारण पाच-सात दिवस लागतात. दोन-तीन दिवसांनी जागा बदलली तर तोवर कळप पुढे गेलेला असतो. (वर शेताला खत मिळतं ते निराळंच.) मात्र त्याच तुकड्यावर लवकर परतायचं नाही, कालव्याकाठच्या दलदलीत चारायचं नाही, पावसाळ्यात उंचवटा धरायचा. तेवढं रान हाताशी हवं.

लसीत दोघांत फरक नाही. आंत्रविषाराची (जास्त खाण्याने आतड्यात विष तयार होऊन मेंढी दगावते तो रोग) पावसाळ्याआधी दरवर्षी, पीपीआरची एकदा दिली की साधारण तीन वर्षं. गोठ्यात खुराक जास्त, म्हणून आंत्रविषाराकडे जरा जास्तच लक्ष ठेवा.

उंच मचाणाचा, म्हणजे मूत-लेंडी फटींतून खाली पडेल असा, गोठा बांधायची ऐपत असेल तर माझी निम्मी तक्रार गळून पडते. रान कमी असेल तर तोच घ्या. नाहीतर मी वाघर घेईन, आणि बाजारातून येणाऱ्या जनावरांपुरतं एक छोटं छप्पर कळपापासून लांब बांधेन.