हायब्रिड कॅलिपर की पूर्ण हायड्रॉलिक ब्रेक?

खारघरच्या एका स्नेह्यांना आपल्या ड्रॉप हँडलबारच्या ॲडव्हेंचर सायकलचे केबलचे डिस्क ब्रेक बदलायचे आहेत. हायब्रिड कॅलिपर (चाकाजवळचा पॅड दाबणारा भाग; त्याला लिव्हरपासून केबलच ओढते, पण पॅड तेलाच्या दाबाने दाबले जातात) घ्यावेत की लिव्हरपासून पॅडपर्यंत तेलावर चालणारा पूर्ण हायड्रॉलिक संच, हे मात्र ठरत नाही.

खर्चातला मोठा फरक लिव्हरमुळे पडतो. या हँडलबारवर ब्रेक आणि गिअर सहसा एकाच लिव्हरमध्ये असल्यामुळे पूर्ण हायड्रॉलिक घेताना दोन्ही शिफ्टर (गिअर बदलणारे हेच लिव्हर) बदलावे लागतात, आणि ते जुन्या डिरेलरशी (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) जुळले नाहीत तर खर्च आणखी वाढतो. हायब्रिडमध्ये तेल फक्त कॅलिपरमध्ये असते, त्यामुळे लिव्हर तेच चालतात.

पकडीत हायड्रॉलिक निःसंशय सरस आहे. ठाण्यातल्या येऊरच्या ओल्या उतारावर हुडवर (लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीवर) हात ठेवून एकदोन बोटांनी वेग आवरता येणे ही चैन नसून सुरक्षितता आहे, असे मला मनापासून वाटते. हायब्रिडमध्ये केबलचे घर्षण उरतेच, आणि पावसाळ्यात चिखल आत शिरला की ते वाढते. दाबाखाली न आखडणारे आउटर (केबलचे बाहेरचे आवरण) बसवल्यास लिव्हरचा लिबलिबीतपणा बराच कमी होतो, म्हणून तिथे काटकसर करू नये.

दुरुस्तीत पारडे फिरते. तुटलेली केबल वाटेत बदलता येते. फाटलेल्या होजला (तेलाच्या नळीला) मात्र ब्लीडिंगचे (तेल भरून आतली हवा काढण्याचे) साहित्य आणि योग्य तेल लागते. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइलच हवे, डॉट फ्लुइड या दुसऱ्या प्रकारच्या ब्रेक-तेलाने त्याचे सील खराब होतात.

पॅड दोन्हीकडे झिजतातच. चिखलात सिंटर्ड (धातूच्या भुकटीपासून बनवलेले) पॅड अधिक टिकतात, पण रोटर (पॅड जिला पकडतात ती चकती) त्यांना चालणारा हवा.

शिफ्टर नाहीतरी बदलायचे असतील आणि पावसाळ्यातही घाटउतार करायचे असतील, तर हायड्रॉलिक घ्यावेत. मर्यादित खर्चात, दुकानांपासून दूरच्या लांब प्रवासासाठी हायब्रिड योग्य ठरतील.